उजवा कानही उघडा ठेवा

आपल्या मंडळात वाचनाची शिफारस करायची जुनी पद्धत आहे. कुणी कादंबरी सुचवतं, कुणी कवितासंग्रह. या अंकासाठी मी वाचायचं नाही, ऐकायचं सुचवते आहे, आणि ते ऐकून आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या कपाळाला आठी पडेल याचीही मला कल्पना आहे. मी सुचवते आहे उजव्या, परंपरावादी विचारांचे राजकीय कार्यक्रम. त्यात काही पॉडकास्ट आहेत, काही यूट्यूबवरचे चॅनल आहेत आणि ज्यातून हे सगळं निघालं तो अमेरिकेतला ‘टॉक रेडिओ’ही आहे.

मी कॅथलिक आहे, मध्य प्रदेशात राहते आणि घरी मराठी बोलते. म्हणजे आपल्याकडच्या अशा कितीतरी कार्यक्रमांत मी श्रोता नसते, विषय असते. धर्मांतर, मिशनरी शाळा, परदेशी पैसा हे शब्द कानावर आले की बोलणं आता आपल्या अंगणाकडे वळलंय हे लगेच कळतं. तरी मी म्हणते, ऐका. ख्रिस्ती संस्थेच्या कॉलेजात शिकणाऱ्यांनी तर जास्तच ऐका. आपल्या वर्गातले निम्मे लोक हे कार्यक्रम घरी, रिक्षात, लूमवर, भुसावळच्या गाडीत ऐकतच असतात. ते काय ऐकतात हे आपल्याला माहीतच नसेल, तर त्यांच्याशी आपण नेमकं कशाबद्दल बोलणार?

टॉक रेडिओ, आणि तो आपल्याकडे का नाही

टॉक रेडिओ म्हणजे गाणी नसलेला रेडिओ. एक सूत्रधार माईकसमोर तासन्‌तास बोलतो, श्रोते फोन करतात आणि तो त्यांच्याशी वाद घालतो किंवा त्यांच्या सुरात सूर मिसळतो. अमेरिकेत हा प्रकार फोफावला त्याला दोन साधी कारणं आहेत. पहिलं यंत्राचं. आवाज स्वच्छ येतो म्हणून गाणी एफएमवर गेली आणि एएमची जुनी केंद्रं ओस पडली. तिथे स्वस्तात चालेल असं एकच होतं, माणसाचं बोलणं. दुसरं कारण नियमाचं. वादाच्या सार्वजनिक प्रश्नावर केंद्राने बोललं पाहिजे आणि विरुद्ध बाजूलाही जागा दिली पाहिजे, असा ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ नावाचा नियम तिथे १९४९ पासून होता. १९८७ मध्ये तो काढला गेला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८८ मध्ये, रश लिंबॉ यांचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. बहराच्या काळात तो सहाशेहून जास्त केंद्रांवरून रोज तीन तास चालायचा आणि २०२१ मध्ये ते वारले तोपर्यंत चालू होता. आजचे अमेरिकन उजवे पॉडकास्ट या झाडाच्याच फांद्या आहेत.

आपल्याकडे असं काही घडणं शक्यच नव्हतं. भारतात खासगी एफएम केंद्राला स्वतःच्या बातम्या किंवा राजकीय चर्चा करायची परवानगी नाही. द्यायच्याच तर आकाशवाणीच्या बातम्या, त्याही जशाच्या तशा. म्हणून एफएमवर गाणी, विनोद, हवामान आणि ट्रॅफिक. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात, प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सांगितलं. त्यातलं मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत या मराठी माणसाचं होतं. पुढे २०१३ मध्ये कॉमन कॉज या संस्थेने रेडिओवरच्या बातमीबंदीला आव्हान दिलं, तेव्हा सरकारने सुरक्षेचं कारण पुढे केलं. २०२३ मध्ये ‘ट्राय’ने खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात अशी शिफारस केली. दहा मिनिटं!

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला यातला विरोधाभास पटकन कळायला हवा. वर्तमानपत्राच्या कागदाचा देशातला पहिला कारखाना आपल्या नेपानगरचा. कागदाचा कोटा आणि पानांची संख्या ठरवून वर्तमानपत्रांना आवळायचा प्रयत्न सरकारने केला, तो सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये बेनेट कोलमन खटल्यात हाणून पाडला. म्हणजे कागदावरच्या शब्दाला जे स्वातंत्र्य पन्नास वर्षांपूर्वी मिळालं, ते रेडिओवरच्या शब्दाला अजून मिळालेलं नाही.

आता कुणी म्हणेल, रेडिओवर ‘मन की बात’ आहे की. ३ ऑक्टोबर २०१४ पासून आहे आणि मराठीतूनही ऐकायला मिळते. पण तो टॉक रेडिओ नव्हे. तिथे पंतप्रधान बोलतात आणि देश ऐकतो. फोन लावून “साहेब, हे मला पटलं नाही” म्हणायची सोय त्यात नाही.

बंदीने माणसं ऐकायचं सोडत नाहीत, फक्त दुसरीकडे जातात. याचा धडाही एका मराठी मंत्र्यानेच दिला आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री असताना १९५२ मध्ये आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? सुई रेडिओ सिलोनकडे फिरवली. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. आज राजकीय बोलण्याचं तेच झालंय. रेडिओवर दार बंद, म्हणून ते मोबाईलवर गेलं. पॉडकास्टला लायसन्स लागत नाही, राज्याची हद्दही नाही. पुण्यात बसून कुणी मराठीत बोललं की तापीच्या काठी आपल्याला त्याच मिनिटाला ऐकू येतं. मध्य प्रदेशातल्या मराठी माणसासाठी ही लहान गोष्ट नाही.

हे आपल्याला नवीन नाही

‘असले वाद आपल्या संस्कृतीत नाहीत’ असं म्हणणाऱ्यांनी १८५७ ची मुंबई आठवावी. त्या वर्षीच्या पहिल्या महिन्यांत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर दर आठवड्याला लोक जमायचे. एका बाजूला हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी, दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती मिशनरी, त्यांत जॉर्ज बोवेन. भर गर्दीत धर्मावर प्रश्नोत्तरं चालत. नंतर बोवेन यांनीच हे वादविवाद छापून प्रसिद्ध केले, म्हणजे विरोधकाचं म्हणणंही आपल्या हाताने छापलं. आणि विष्णुबावांना ‘सनातनी’ म्हणून एका खणात बंद करावं, तर त्यांनीच १८६७ मध्ये ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहिला. सगळा समाज एका कुटुंबासारखा राहावा, मालमत्ता सगळ्यांची असावी, असं मांडणारा! माणसं लेबलपेक्षा मोठी असतात ती अशी.

नंतरचा काळ आपण अभ्यासक्रमात शिकतोच. ‘केसरी’ सोडल्यावर आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला, मुलीचं संमतिवय दहावरून बारा करणारा. टिळकांचा मुद्दा होता की आमच्या चालीरीतींत परक्या सरकारने हात घालू नये, सुधारणा समाजाने आतून करावी. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढण्यापर्यंत लोकांची मजल गेली होती. आज आपण सगळे आगरकरांच्या बाजूचे आहोत, असायलाच हवं. पण टिळकांचा युक्तिवाद त्याच्या पूर्ण ताकदीनिशी वाचला नाही, तर आगरकर नक्की कशाशी झुंजत होते ते कळत नाही. बाहुलीला हरवण्यात काय शौर्य?

आपल्याकडच्या शास्त्रचर्चेची रीतही हीच होती. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, आणि मग आपला उत्तरपक्ष. गंमत म्हणजे माझ्या परंपरेतले संत थॉमस अक्वायनस हेच करतात. त्यांच्या ‘सुम्मा’त प्रत्येक प्रश्नाची सुरुवात विरोधकांच्या आक्षेपांनी होते. मग ते आपलं उत्तर मांडतात आणि शेवटी एकेका आक्षेपाला स्वतंत्र जबाब देतात. काशीचा पंडित आणि तेराव्या शतकातला डॉमिनिकन साधू या एका बाबतीत एकाच बाकावर बसलेले आहेत.

‘उजवे’ म्हणजे कोण?

ऐकायला लागल्यावर पहिल्यांदा हे लक्षात येतं की ‘उजवे’ नावाचा एकच गट नाही. निदान तीन तरी आहेत.

पहिले बाजारवादी. सरकारने माणसाच्या धंद्यात, शेतात कमीत कमी लुडबुड करावी असं मानणारे. मराठीत यांचा सगळ्यात मोठा आवाज शरद जोशींचा. १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून ते हेच सांगत आले की शेतकऱ्याला भीक नको, घामाचा दाम हवा, आणि तो सरकारच्या बंधनांमुळे मिळत नाही. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती, म्हणजे शेतकऱ्याने कापूस सरकारलाच विकायचा. भाव पटला नाही की तो कापूस चोरून शेजारच्या राज्यांत जायचा. त्या हद्दीच्या अलीकडच्या बाजूला राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा मुद्दा पुस्तकातून शिकायची गरजच नाही. आणि याच ‘उजव्या’ माणसाने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरवलं, पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेतून शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली. डाव्या-उजव्याची पाटी इथे कुठे लावणार?

दुसरे परंपरावादी. कुटुंब, धर्म, शिस्त, जुन्या संस्था या पिढ्यांच्या अनुभवातून आल्या आहेत, त्या मोडण्याआधी दहादा विचार करा म्हणणारे. खरं सांगायचं तर दर रविवारी चर्चमध्ये आपण जे ऐकतो त्यातलं बरंच याच्या जवळचं असतं.

तिसरे राष्ट्रवादी, आपल्याकडे हिंदुत्ववादी. माझी खरी अडचण आहे ती यांच्याशी. पण तिन्हींची एकच मोट बांधून ‘हे सगळे तसलेच’ म्हटलं, की पहिल्या दोघांकडून शिकायचं राहून जातं आणि तिसऱ्याला नेमकं उत्तर देता येत नाही.

काय ऐकावं

मराठीपासून सुरुवात करा. ज्येष्ठ पत्रकार भाऊ तोरसेकर यांचं ‘प्रतिपक्ष’ हे यूट्यूब चॅनल मला टॉक रेडिओच्या सगळ्यात जवळचं वाटतं. एक अनुभवी माणूस, हातात कागद नाही, जुन्या निवडणुकांचे संदर्भ तोंडपाठ, बोलणं ओसरीवर बसल्यासारखं. त्यांचा कल कुठे आहे ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं. मला त्यांचे निष्कर्ष अनेकदा पटत नाहीत. पण साधी, घरगुती मराठी वापरून राजकीय युक्तिवाद कसा बांधायचा, हे भाषेच्या विद्यार्थ्याने तिथे जरूर ऐकावं.

विनायक पाचलग यांचं ‘थिंक बँक’ हे मुलाखतींचं चॅनल आहे. तिथे वेगवेगळ्या बाजूंचे पाहुणे येतात. उजव्या विचाराचा माणूस शांतपणे, कुणी मध्येच न तोडता बोलतो तेव्हा कसा वाटतो, हे टीव्हीवरच्या आरडाओरड्यात कळणार नाही, इथे कळतं.

बाजारवादी विचार समजून घ्यायचा तर अमित वर्मा यांचा ‘द सीन अँड द अनसीन’ हा इंग्रजी पॉडकास्ट आहे, २०१७ पासून चालणारा. एकेक भाग कित्येक तासांचा. दचकू नका, तुकड्यातुकड्यांनी ऐका. हिंदीत ‘पुलियाबाज़ी’ आहे. तो उजवा म्हणता येणार नाही, पण सरकारने काय करावं आणि काय करू नये, हे नाक्यावरच्या गप्पांसारखं समजावतो. आपल्या गावात हिंदी सगळ्यांनाच येते, त्यामुळे इथून सुरुवात करायलाही हरकत नाही.

इंग्रजीची सवय असेल तर दोन अमेरिकन नावं. रस रॉबर्ट्स यांचा ‘इकॉनटॉक’, २००६ पासूनचा. हा माणूस आपल्याशी असहमत पाहुण्यालाही इतक्या अदबीने प्रश्न विचारतो की वादविवाद स्पर्धेत भाग घेणाऱ्यांनी तो पाठ करावा. आणि विल्यम बकली यांचा ‘फायरिंग लाइन’ हा १९६६ ते १९९९ चाललेला टीव्ही कार्यक्रम, ज्याचे खूप भाग आज यूट्यूबवर आहेत. बकली कॅथलिक होते आणि अमेरिकन परंपरावादाचे एक संस्थापकच म्हणावेत असे. त्यांचं मोठेपण हे की ते विरोधकाला बोलावत. १९६९ मध्ये नोम चॉम्स्की त्यांच्यासमोर बसले होते, तो भाग बघाच. याच बकलींनी १९५० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या वर्णभेदाची पाठराखण केली होती. १९६५ मध्ये केंब्रिजच्या वादसभेत जेम्स बाल्डविन या कृष्णवर्णीय लेखकाने त्यांना ५४४ विरुद्ध १६४ मतांनी हरवलं. तीही चित्रफीत उपलब्ध आहे. दोन्ही पाहा. हुशार माणूस एका प्रश्नावर किती चुकू शकतो, आणि त्याला उत्तर कसं द्यायचं असतं, दोन्ही एकदम कळेल. इंग्रजी भरभर वाटली तर वेग पाऊणपट करा आणि सबटायटल लावा. त्यात कमीपणा नाही.

मला काय मिळालं

‘नियोगी समिती’ हे नाव मी पहिल्यांदा अशाच एका भाषणात ऐकलं. वक्ता ते हुकमाच्या पत्त्यासारखं टाकत होता. नियोगींनी मिशनऱ्यांचं पितळ १९५६ मध्येच उघडं पाडलं, संपला विषय! धर्मशिक्षणाच्या वर्गात हे नाव कधी निघालं नव्हतं. मग मी तो अहवाल शोधला.

तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये ही समिती नेमली. राजधानी नागपूर होती, विदर्भ आणि आपलं बुऱ्हाणपूर एकाच राज्यात होतं. अध्यक्ष डॉ. भवानीशंकर नियोगी, नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश. समितीने १४ जिल्हे फिरून अकरा हजारांवर लोकांना गाठलं. सदस्यांत वर्ध्याचे एस. के. जॉर्ज हे ख्रिस्ती प्राध्यापकही होते, हे भाषणात कुणी सांगत नाही. कॅथलिकांनी पुढे समितीशी सहकार्य थांबवलं आणि कोर्टात धाव घेतली, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांनी निघून जावं अशी शिफारस अहवालात आहे. शाळा, दवाखाने, कर्ज यांचा आमिष म्हणून वापर झाल्याच्या तक्रारीही आहेत.

तिथून धागा १९६८ च्या मध्य प्रदेशच्या कायद्याकडे गेला आणि पुढे १९७७ च्या निकालाकडे. फादर स्टॅनिस्लॉस या धर्मगुरूंनी त्या कायद्याला आव्हान दिलं होतं. धर्माचा प्रचार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं. मग २०२१ चा नवा कायदा. त्यात धर्म बदलण्याआधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवण्याचं जे कलम आहे, त्याखाली सज्ञान व्यक्तींवर कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश आपल्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला.

नियोगी समितीचे निष्कर्ष मला मान्य नाहीत. कुणी आदिवासी किंवा गरीब माणूस धर्म बदलतो तेव्हा तो फसलाच असणार, त्याला स्वतःचं मन नसणारच, असं गृहीत धरणं हा त्या माणसाचाच अपमान आहे असं मला वाटतं. दवाखाना चालवणं हे आमिष असेल, तर कोणतंही सत्कर्म संशयातून सुटणार नाही. पण हे मी आज मुद्द्यांनी बोलू शकते, तारखा आणि निकालांसह. वर्गात कुणी ‘नियोगी’ म्हटलं तर गोंधळून गप्प बसत नाही की चिडून उठून जात नाही. जिथे खरी तक्रार असेल तिथे “हो, हे तपासायला हवं” म्हणायचीही लाज वाटत नाही. एवढं मला माझ्या बाजूच्या लोकांनी शिकवलं नाही, विरोधकाच्या अर्धवट वाक्याने शिकवलं.

आणि एक हिशेब सरळ आहे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून त्यांच्या निवडीला विरोध झाला. तेव्हा आपण सगळे म्हणत होतो, अहो, आधी त्यांचं ‘सुबोध बायबल’ वाचा, त्यांची मराठी वाचा, मग बोला. बरोबरच होतं. पण हा नियम एकाच दिशेने चालत नाही. न वाचता आपल्याबद्दल बोलू नका असं ज्यांना सांगायचं, त्यांचं न ऐकता आपणही त्यांच्याबद्दल बोलू नये.

कुठे थांबायचं

याचा अर्थ काहीही ऐकत राहा असा नाही. सावधगिरीचं उदाहरण मला माझ्याच चर्चमधून द्यावं लागेल. फादर चार्ल्स कॉफलिन हे अमेरिकेतल्या डेट्रॉइटजवळचे कॅथलिक धर्मगुरू. १९२६ मध्ये ते रेडिओवर आले. मंदीच्या काळात गरिबांची, कामगारांची बाजू मांडायचे आणि कोट्यवधी लोक त्यांना ऐकायचे. हळूहळू सगळ्या दुःखाचं खापर ते ज्यूंवर फोडू लागले. १९३८ मध्ये त्यांच्या नियतकालिकाने ज्यूंविरुद्धचा एक कुप्रसिद्ध बनावट दस्तऐवज छापला. त्याच वर्षी जर्मनीत ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं जाळली गेली, तर त्यावरही ते सारवासारव करत होते. अखेर १९४२ मध्ये त्यांच्या आर्चबिशपांनी त्यांना राजकीय काम बंद करायला लावलं. आवाज गोड होता, रोमन कॉलर होती, भूक खरी होती. तरीही विष ते विषच.

मग ओळखायचं कसं? भाषेची विद्यार्थिनी म्हणून माझी कसोटी एका सर्वनामाची आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. ‘आम्ही’त ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. इंग्रजीच्या ‘वी’त आणि हिंदीच्या ‘हम’मध्ये हे झाकलं जातं, मराठीत झाकता येत नाही. राजकीय भाषण ऐकताना मी बघते की वक्त्याच्या ‘आपण’मध्ये मी बसते का. तो “आपण या कायद्याचा विचार करू” म्हणत असेल, तर तो माझ्याशी वाद घालतोय. मी ऐकेन, कितीही कडू असलं तरी. पण विषय कायदा, कर, शाळा, इतिहास सोडून ‘ते लोक’ असेच असतात यावर आला, ‘आपण’ म्हणजे फक्त एका धर्माचे असं ठरलं आणि मला उत्तर देण्याची जागाच उरली नाही, की मी बंद करते. आणि हीच कसोटी डाव्या बाजूच्या कार्यक्रमांनाही लावते. आपल्या कट्ट्यावर ‘भक्त’ हा शब्द जसा फेकला जातो, तोही या कसोटीला उतरत नाही.

दोन कामाच्या सवयी सांगते. रीलवर भरवसा ठेवू नका, भाग पूर्ण ऐका. चाळीस सेकंदांत कुणीही राक्षस दिसतो आणि कुणीही संत. दुसरं, प्रत्येक भागातला एक दावा वहीत लिहा आणि मूळ कागद शोधा. अहवाल असेल तर अहवाल, निकाल असेल तर निकाल. आठवड्याला एक एवढं केलं तरी वर्षाला पन्नास गोष्टी पक्क्या कळतील.

काही जण विचारतील, विचार बदलला तर? बदलला तर बदलला. एकवीस-बावीसच्या वयात विचार बदलणार नाहीत तर कधी बदलणार? शेतीच्या बाजाराबद्दलचं माझं मत शरद जोशींमुळे खरंच हललं. श्रद्धेबद्दलचं हललं नाही, उलट ती नीट शब्दांत मांडायची सवय लागली. काही जण असंही म्हणतील की ज्यांच्यावर रोज संशय घेतला जातो त्यांनीच समजूतदारपणा का दाखवायचा. हा प्रश्न रास्त आहे. कुणाला हे ऐकून झोप उडत असेल तर त्याने ऐकू नये, ही काही परीक्षा नाही. पण ज्याच्यात बळ आहे त्याने ऐकावं, कारण उत्तर कुणीतरी द्यायचंच आहे, आणि ते न ऐकता देता येणार नाही.

मंडळापुढे माझा प्रस्ताव असा आहे. दर महिन्याला एक ‘पूर्वपक्ष’ बैठक घ्यावी. एक भाग आधी सगळ्यांनी घरी ऐकायचा. बैठकीत ज्याला तो सगळ्यात जास्त खटकला, त्यानेच पहिली दहा मिनिटं वक्त्याची बाजू मांडायची, अशी की वक्ता समोर असता तर म्हणाला असता, “हो, मला हेच म्हणायचं होतं.” त्यानंतर हवी तेवढी टीका. पुढच्या महिन्यात डाव्या बाजूचा भाग, नियम तोच. पहिल्या बैठकीला बोलायची तयारी माझी आहे. भाग तुम्ही निवडा, आणि मला सगळ्यात जास्त टोचेल असाच निवडा.